घरच्या सर्व्हरचें दुखणें : आधीं निदान, मग उपचार

‘डिस्क गेली’ हे दोन शब्द हल्लीं सुशिक्षित घरांतून वरचेवर कानीं पडूं लागले आहेत. सकाळीं कोणी तरी मागल्या लग्नांतील छायाचित्र पाहूं जातो, तें उघडत नाहीं. पडद्यावर इंग्रजींत एक रुक्ष वाक्य उमटतें. आणि चहा होण्यापूर्वींच घरांतील तरुण मंडळी निकाल देऊन मोकळी होतात कीं, डिस्क गेली, नवी मागवा. कोणी त्याहून पुढें जाऊन घाईघाईनें दुरुस्तीची आज्ञा देतो आणि जें तासाभरापूर्वीं वांचवितां आलें असतें तें कायमचें घालवून बसतो. वास्तविक पुष्कळ प्रसंगीं डिस्क गेलेली नसते. दुखणें अन्यत्र असतें. डिस्क केवळ कण्हत असते. हें दुखणें ओळखावें कसें, व तें ओळखेपर्यंत पथ्य कोणतें पाळावें, एवढेंच या लेखांत सांगावयाचें योजिलें आहे. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाहीं. अध्यापनाच्या नोकरींतून मोकळा झाल्यावर पुतण्याच्या शेजारीं बसून जें शिकलों व पडताळून पाहिलें, तेंच लिहितों.

घरचा सर्व्हर म्हणजे काय, हें ज्या वाचकांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा. कुटुंबांतील सर्वांचीं छायाचित्रें, कागदपत्रें व ध्वनिमुद्रणें एके ठिकाणीं राहावींत आणि प्रत्येकास तीं आपल्या मोबाइलवर पाहतां यावींत, यासाठीं रात्रंदिवस चालू ठेवलेला लहानसा संगणक, तो घरचा सर्व्हर. कोणी यासाठीं अडगळींतला जुना डेस्कटॉप वापरतात. परंतु स्वस्ताईच्या दृष्टीनें ‘रास्पबेरी पाय’ नामक तळहाताएवढी पाटी विशेष लोकप्रिय आहे. इंग्लंडांतील केंब्रिज येथील मंडळींनीं ती २०१२ च्या फेब्रुवारींत विक्रीस आणिली. मुलांनीं संगणकाला आज्ञा देण्याची विद्या शिकावी, हा तिचा मूळ हेतु. शाळेसाठीं केलेली वस्तु माजघरांत येऊन बसली, याचें माझ्यासारख्या जुन्या शिक्षकास कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. २०१९ च्या जूनमध्यें तिची चौथी आवृत्ति निघाली. तींत यूएसबी-३ प्रतीचीं दोन शीघ्रगति छिद्रें आलीं, आणि तेव्हांपासून तिला मोठी डिस्क जोडून सर्व्हर करण्याची चाल फार वाढली.

आतां डिस्कवरील एखादें छायाचित्र आपल्या डोळ्यांपुढें येण्यास कितीजणांचे हात लागतात तें पाहा. भिंतींतील विजेचे पांच व्होल्ट करून देणारा अडॅप्टर. त्याची पाटीपर्यंतची तार. पाटीपासून डिस्कपर्यंतची यूएसबीची तार. डिस्कच्या डबींत बसलेली एक चिप, जी यूएसबीची भाषा डिस्कच्या सॅटा भाषेंत उलथून सांगते व जिला आपण दुभाषी म्हणूं. नंतर खुद्द डिस्क. आणि या सर्वांवर फाईलींची मांडणी ठेवणारी लिनक्सची व्यवस्था. यांपैकीं कोणीही चुकला तरी पडद्यावर वाक्य एकच उमटतें कीं, वाचतां आलें नाहीं. पत्र पोंचलें नाहीं एवढ्यावरून तें लिहिलेंच नव्हतें असें अनुमान आपण करीत नाहीं. आधीं पोस्टांत चौकशी करतों. येथेंही तोच क्रम योग्य.

आमच्याच घरीं गेल्या आषाढांत घडलेला प्रकार सांगितला म्हणजे हें अधिक स्पष्ट होईल. कैलासवासी मातोश्रींच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या थोरल्या बंधूंनीं १९८७ सालीं कॅसेटींवर उतरून घेतल्या होत्या. कॅसेटींना बुरशी लागून फिती चिकटूं लागल्या, म्हणून पुतण्यानें महिनाभर खपून त्या एकेक वाजविल्या व थेट सर्व्हरच्या डिस्कवर मुद्रित केल्या. एकूण चाळीस ध्वनिमुद्रणें. बहुतेक फिती त्या एका वाजविण्यांतच निकामी झाल्या. सर्व्हरची दुसरी प्रत घरांत होती, परंतु ती दिवाळींतली, आणि ओव्या तिच्या नंतरच्या. नवी मोठी डिस्क मागविलेली होती. ती यावयाची होती. तोंच एका रात्रीं शेवटचीं दोन मुद्रणें चाललीं असतां पावसाच्या सरीबरोबर वीज दोनदां गेली व आली. सकाळीं सर्व्हर कांहीं लिहून घेईना, आणि ओव्यांपैकीं एकही उघडेना. थोरल्या वहिनी स्वयंपाकघरांतून हात पुशीत आल्या व त्यांनीं एवढेंच विचारलें, “भावोजी, सासूबाईंचा आवाज गेला का?”

पुतण्या म्हणाला, “काका, एकदां फाईल-दुरुस्ती चालवून पाहूं का? पांच मिनिटांचें काम आहे.” मी त्याला म्हटलें, “अरे, नाडी पाहिल्यावांचून शस्त्र नको. आधीं वही वाच.”

ही वही म्हणजे लिनक्स आपल्या कारभाराची जी टिपणें सतत करीत असतो तीं. ती वाचण्याच्या आज्ञेस ‘डीमेसेज’ म्हणतात. पाटी बंद केली कीं हीं टिपणें पुसलीं जाण्याचा संभव असतो. यास्तव दोष दिसतांच पाटी बंद करून पुन्हां चालू करण्याची जी सार्वत्रिक खोड आहे ती आवरावी, टिपणें उतरून घ्यावींत, निदान पडद्याचें छायाचित्र तरी घ्यावें. त्याच वेळीं घरांतील सर्व मोबाइलांचें आपोआप छायाचित्रें धाडणें थांबवावें; कारण आजारी डिस्कवर नवें लिखाण होऊं न देणें हें पहिलें पथ्य होय. अपवाद एकच. डिस्कमधून टक्‌-टक्‌ असा ठराविक आवाज येऊं लागला, तर वहीबिही कांहीं न पाहतां ती तत्काळ बंद करावी व जाणत्या कारागिराकडे न्यावी. घरीं तिचें झांकण उघडणें म्हणजे आंत धूळ सोडणें. ती थंड पेटींत ठेवून मग चालवावी असा एक घरगुती उपाय कोणी कोणी सांगतात. आपल्या दमट हवेंत गार डिस्क बाहेर काढतांच तिला जो घाम फुटेल तो तिचा उरला जीव घेईल.

वहींतील तक्रारी मुख्यतः दोन जातींच्या असतात. एकींत ‘मीडियम एरर’ अथवा ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’ हे शब्द येतात. त्यांचा अर्थ असा कीं, डिस्कशीं बोलणें झालें, तिनें प्रश्न ऐकला, व ‘माझ्या पृष्ठभागावरील अमुक जागा मला वाचतां येत नाहीं’ असें तिनें स्वतः सांगितलें. दुसरींत ‘रीसेट’, ‘डिस्कनेक्ट’, ‘टाइमआउट’ असे शब्द असतात. म्हणजे बोलणेंच तुटलें. पहिल्या जातींत रोग डिस्कचा. दुसरींत तो बहुधा विजेचा, तारेचा किंवा दुभाष्याचा. मरणोन्मुख डिस्कही कधीं कधीं उत्तर देईनाशी होते, म्हणून दुसऱ्या जातीवरून डिस्क सर्वथा निर्दोष ठरत नाहीं हें खरें. पण तपास कोठून आरंभावा तें कळतें. आमच्या वहींत ‘अंडरव्होल्टेज डिटेक्टेड’ ही ओळ रात्रभर पुनःपुन्हां आली होती. तिच्या पाठोपाठ ‘रीसेट’, मग ‘डिस्कनेक्ट’. आणि मौज अशी कीं, जी डिस्क ‘एसडीए’ नांवानें गेली ती ‘एसडीबी’ नांवानें परत आली होती. घरांतला मनुष्य बाहेर जाऊन दुसऱ्या नांवानें परतला आणि घरचीं माणसें जुन्याच नांवानें हांका मारीत बसलीं, तर त्यांस उत्तर मिळावें कसें? ओव्या उघडत नव्हत्या त्याचें कारण हें. ‘मीडियम एरर’ एकही नव्हता.

विजेचा हा दोष स्वस्त सर्व्हरांत इतका सामान्य आहे कीं, त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे. चौथ्या आवृत्तीच्या पाटीस तिचे कर्ते ५.१ व्होल्ट व ३ अँपियरचा अडॅप्टर सांगतात. पाटीवर पोंचणारा दाब सुमारें ४.६३ व्होल्टांच्या खालीं गेला कीं ती तक्रार नोंदविते. तिचीं चारही यूएसबी छिद्रें मिळून १.२ अँपियरच देऊं शकतात, आणि पाकिटाएवढी फिरती डिस्क सुरू होतांना एकटीच जवळजवळ एक अँपियर ओढते. आतां बहुतेक घरीं काय होतें? खणांत पडलेला मोबाइलचा चार्जर व सांपडेल ती लांब, बारीक तार जोडून काम भागवितात. शाळेंत शिकलेला ओहमचा नियम येथें लावून पाहा. तारेचा रोध केवळ ०.२ ओहम असला व तींतून २ अँपियर वाहूं लागले, तर ०.४ व्होल्ट तारेंतच जिरतात. पांचाचे राहिले ४.६. चार्जरवर छापलेला आंकडा खरा असूनही पाटी उपाशी राहते. एरव्हीं हें चालून जातें. डिस्क जोरांत लिहूं लागली कीं मात्र दाब घसरतो, आणि डिस्क क्षणभर मूर्च्छित होते.

हें पाहण्यास पाटीला ‘गेट-थ्रॉटल्ड’ हा प्रश्न विचारावा. उत्तर शून्य आलें तर चालू केल्यापासून तक्रार नाहीं. ‘५००००’ आलें तर दाब मागें केव्हां तरी घसरला होता व आतां ठीक आहे. ‘५०००५’ आलें तर या क्षणींही कमी आहे. उपाय दोन. पाटीस तिच्या मापाचा अडॅप्टर द्यावा, आणि डिस्कला तिची स्वतंत्र वीज असावी. म्हणजे एक तर स्वतःचा अडॅप्टर असलेली मोठी डिस्क घ्यावी, नाहीं तर स्वतःची वीज घेणारा यूएसबी हब मध्यें घालावा. २०२३ सालीं निघालेली पांचवी आवृत्ति तर ५ अँपियर देणारा अडॅप्टर मागते. तो नसल्यास डिस्कांसाठीं ती मिळून अवघे ६०० मिलिअँपियर सोडते, असल्यास १.६ अँपियर. नव्या पाटीस जुना अडॅप्टर लावणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. वीज जाणें-येणें ज्या गांवीं नित्याचें आहे तेथें लहानसा यूपीएस ही चैन समजूं नये.

वीज चोख असूनही ‘रीसेट’ येतच राहिले, तर तार बदलावी. आखूड व जाड तार, शक्य तर डिस्कबरोबर आलेली. तिनेंही भागलें नाहीं तर संशय दुभाष्यावर घ्यावा. ‘यूएएस’ नांवाची एक शीघ्रगति बोलण्याची पद्धति आहे. कित्येक स्वस्त दुभाष्यांना ती येते असें ते सांगतात, पण भराभर प्रश्न आले कीं त्यांची ततपप होते. अशा दुभाष्यापुरती ती पद्धति बंद करून जुन्या सावकाश पद्धतीनें बोलावयास लावण्याची सोय लिनक्समध्यें आहे. दुभाष्याचा ओळखक्रमांक आरंभींच्या आज्ञेंत लिहून ठेवावा लागतो, इतकेंच. वेग थोडा उतरतो, पण बोलणें तुटत नाहीं.

यानंतर डिस्कची पाळी. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवीत असते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात, व ‘स्मार्टसीटीएल’ या साधनानें ती वाचतां येते. नोंदींची यादी लांबलचक असते. सामान्य गृहस्थानें चार क्रमांक पाहिले तरी पुरे. ५ व्या क्रमांकाखालीं डिस्कनें टाकून देऊन राखीव जागेंत हलविलेले तुकडे मोजलेले असतात. १९७ व १९८ खालीं वाचतां न येणारे, निकाल न लागलेले तुकडे. हे आंकडे शून्य असावेत. नसतील, आणि आठवड्यागणिक वाढत असतील, तर डिस्कची आशा सोडावी. १९९ हा आंकडा वाटेंत झालेल्या अक्षरदोषांचा आहे. तो कधींच कमी होत नाहीं, म्हणून जुना आंकडा पाहून घाबरूं नये. तो वाढतो का एवढेंच पाहावें. आणखी एक बारकावा पुष्कळांच्या नजरेंतून सुटतो. डबींतल्या डिस्कचा हा आंकडा दुभाषी व डिस्क यांच्यामधील जोडाविषयींच बोलतो. बाहेरच्या यूएसबी तारेचा दोष त्यांत उमटत नाहीं, तो वहींत ‘रीसेट’ म्हणून येतो.

या नोंदीवर विश्वास किती टाकावा? गूगल कंपनींतील पिनेरो, वेबर व बरोसो या तिघांनीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून २००७ सालीं निबंध प्रसिद्ध केला. त्यांस आढळलें कीं, पृष्ठभागाच्या पाहणींत पहिला दोष निघाल्यानंतर साठ दिवसांच्या आंत ती डिस्क बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असतो. परंतु उलट बाजूही त्यांनींच दाखविली. बंद पडलेल्या डिस्कांपैकीं शेंकडा ५६ हून अधिक डिस्कांत चार प्रमुख लक्षणांपैकीं एकही आधीं दिसलेलें नव्हतें. तात्पर्य, नोंद वाईट असेल तर ती खरी मानावी. चांगली असेल तर निर्धास्त होऊं नये. आमच्या डिस्कचे चारही आंकडे शून्य होते, तरी मी पुतण्यास दुरुस्ती करूं दिली नाहीं, तें याचसाठीं.

येथें दुरुस्ती म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. ज्यांच्या घरीं दुकानाचा अगर पेढीचा व्यवहार झाला आहे, त्यांस रोजकीर्द व खतावणी ठाऊक असते. लिनक्सची ‘एक्स्ट-फोर’ ही मांडणी हाच रिवाज पाळते. फाईलींच्या मांडणींत करावयाचा फेरफार आधीं रोजकीर्दींत टिपते, मग खतावणींत चढविते. मध्येंच वीज गेली तर पुढल्या वेळीं रोजकीर्द पाहून खतावणी जुळवून घेते. मात्र रोजकीर्दींत बहुधा मांडणीचीच नोंद असते, फाईलींतील मजकुराची नव्हे. म्हणून नुकती लिहिली जात असलेली फाईल कधीं कधीं नांवापुरती उरते व आंत शून्य. खतावणी रोजकीर्दीनेंही जुळेना, कीं ‘एफएससीके’ नामक हिशेबनीस बोलवावा लागतो. तो कुशल आहे, पण त्याचें काम हिशेब जुळविणें. तुमच्या आईचा आवाज वांचविणें हें त्याचें काम नव्हे. जें जुळत नाहीं तें तो खोडतो, किंवा नांव पुसून नुसत्या क्रमांकानें ‘लॉस्ट-फाऊंड’ या कप्प्यांत टाकतो. त्यांतून ‘सर्व प्रश्नांस होय’ अशी मुभा त्यास दिली, म्हणजे तर बोलावयासच नको. डिस्कचा पृष्ठभागच खराब असतां त्याला तींत लिहूं देणें हा शुद्ध अविचार होय.

म्हणून दुरुस्ती नेहमीं नकलेवर करावी. नक्कल काढण्यास ‘डीडीरेस्क्यू’ हें फुकट मिळणारें साधन उत्तम. तें सबंध डिस्क जशीच्या तशी उतरून घेतें. आधीं सुखानें वाचतां येणारा भाग भराभर घेतें, अडेल तेथें न रेंगाळतां पुढें जातें, व अडलेल्या जागांची यादी ठेवून त्यांकडे मागून परततें. नक्कल घेणारी डिस्क मूळ डिस्कएवढी तरी मोठी असावी लागते, व आज्ञा देतांना मूळ कोणती व नक्कल कोणती हें दोघांनीं मिळून वाचून पाहावें; उलटसुलट झाल्यास मूळच पुसलें जातें.

आमची नवी डिस्क तीन दिवसांनीं आली. तोंपर्यंत सर्व्हर बंद होता. नवा अडॅप्टर व विजेचा हब लावून नक्कल काढली. अडलेली जागा एकही निघाली नाहीं. मग नकलेवर हिशेबनीस बसविला. चाळीसांपैकीं अडतीस मुद्रणें जशींच्या तशीं निघालीं. एकोणचाळिसावें अर्ध्यावर तुटलेलें होतें, व चाळिसाव्याची फाईल शून्य लांबीची. त्या शेवटच्या कॅसेटची फीत पुतण्यानें पुन्हां चढवून पाहिली. पहिलीं कांहीं मिनिटें वाजली आणि तुटली. तेवढा भाग घेऊन ठेविला आहे. बाकीच्या ओव्या गेल्या.

आणखी दोन-तीन चकवे सांगतों. कधीं छायाचित्रें नाहींशीं होतात, पण गेलेलीं नसतात. पाटी सुरू होतांना डिस्क वेळेवर जागी झाली नाहीं, तर जोडणीच्या जागीं रिकामा कप्पा उरतो. सर्व्हर बिचारा नवीं छायाचित्रें त्याच कप्प्यांत, म्हणजे पाटीच्या लहानशा कार्डावर, ठेवूं लागतो. पुढें डिस्क जोडली गेली कीं तिच्या खालीं तीं झांकलीं जातात, आणि इकडे कार्ड भरून ‘जागा नाहीं’ अशी ओरड सुरू होते. डिस्क उतरवून कप्पा पाहावा; हरवलेलीं चित्रें तेथें सांपडतील. कार्डाविषयीं बोलायचें तर, तें सतत लिहिल्यानें झिजणारी वस्तु आहे, आणि बाजारांत खोट्या मापाचीं कार्डें पुष्कळ. वर लिहिलेलें असतें एक, आंत जागा त्याच्या चतुर्थांशही नसते. ‘एफ-थ्री’ हें साधन कार्ड संपूर्ण भरून पुन्हां वाचून खरें माप सांगतें. नवें कार्ड आणतांच ही परीक्षा घ्यावी. नंतर घेण्यांत अर्थ नाहीं.

कांहीं डिस्कांवर लिखाणाच्या रेषा छपरावरील कौलांसारख्या एकमेकींवर चढविलेल्या असतात. एक कौल बदलावयास शेजारचीं उचलावीं लागतात, तसें येथें थोडें फिरवून लिहावयास पुष्कळ लिहावें लागतें. मग डिस्क इतकी मंद होते कीं ती मेली असा भास व्हावा. २०२० च्या एप्रिलमध्यें वेस्टर्न डिजिटल कंपनीस मान्य करावें लागलें कीं, घरगुती सर्व्हरांसाठीं विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ मालिकेंतील कांहीं डिस्का याच जातीच्या असून तसें वेष्टनावर सांगितलेलें नव्हतें. खरेदीपूर्वीं ही जात विचारून घ्यावी.

शेवटीं, आंकडेमोडींत आम्ही मुलांस ताळा पाहावयास लावीत असूं, त्याविषयीं. ‘बीटीआरएफएस’ व ‘झेडएफएस’ या मांडण्या प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचा ताळा लिहून ठेवतात, व ‘स्क्रब’ या आज्ञेनें सर्व डिस्क वाचून ताळे जुळतात का पाहतात. महिन्यांतून एकदां हें करावें. एकच डिस्क असेल तर चूक कळते, सुधारत नाहीं; सुधारण्यास दुसरी शुद्ध प्रत लागते. दोन डिस्का एकत्र बांधून एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या चालविल्या तरी त्यांस दोन प्रती समजूं नये, कारण चुकून पुसलेली फाईल दोहींवरून एकदमच पुसली जाते. आमची जुनी डिस्क, जिला पहिल्याच सकाळीं मृत ठरविलें होतें, ती आतां दुसरी प्रत म्हणून चालते. तिसरी प्रत साताऱ्यास धाकट्या बहिणीकडे कपाटांत असते व दर सणावारीं अदलाबदल होते. प्रत ठीक आहे का हें ती उघडूनच कळतें, म्हणून वहिनी महिन्याच्या आरंभीं दुसऱ्या प्रतींतून एखादी ओवी लावून ऐकतात.

आणि सर्व्हरच्या अडॅप्टरवर पुतण्यानें जाड अक्षरांत चिठ्ठी चिकटविली आहे कीं, हा कोणीही मोबाइलसाठीं काढूं नये. पाहुणे आले असतां ती चिठ्ठी मी स्वतः दाखवितों.